दीड टनाचा एसी आणि किमतीवरचे अकरा हजार : नाशिकमधील एका खरेदीचे परीक्षण

घरासाठी एसी घ्यायचा म्हटले की दुकानात सांगितली जाणारी किंमत एक असते आणि तो भिंतीवर बसून थंड हवा देऊ लागेपर्यंत खिशातून गेलेली रक्कम दुसरीच असते. नाशिकमध्ये हे अंतर किती पडते आणि त्यातला कोणता खर्च योग्य असतो, हे आकड्यांसह लिहून ठेवावे, असे मला वाटले. आम्ही दिवाळीनंतर इंदिरानगरमधील आमच्या सदनिकेत झोपायच्या खोलीसाठी दीड टनाचा, तीन स्टारचा इन्व्हर्टर (म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट एसी घेतला आणि संपूर्ण उन्हाळा तो वापरून झाल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. यंत्राविषयी माझी तक्रार नाही, दुकानाविषयी थोडी आहे, आणि बसवण्याच्या कामाविषयी सर्वांत जास्त सांगण्यासारखे आहे, कारण यंत्राचे आयुष्य तिथेच ठरते आणि ग्राहकाचे लक्ष नेमके तिथेच नसते.

दुकानातील किंमत ३६,५०० रुपये होती. एसीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमची खरेदी त्यानंतरची असल्यामुळे आम्हांला त्याचा लाभ मिळाला; जुन्या दराने हेच यंत्र सुमारे ३९,६०० रुपयांना पडले असते. बसवण्याबद्दल विचारल्यावर विक्रेत्याने ‘दीड हजार, बाकी काही नाही’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात मजुरीचे जीएसटीसह १,७७० रुपये झाले. आउटडोअर युनिटच्या लोखंडी स्टँडचे ८५० लागले. यंत्रासोबत तीन मीटर तांब्याचा पाइप आला होता आणि आम्हांला साडेसहा मीटर हवा होता, म्हणून वरच्या साडेतीन मीटरचे मीटरला ९०० रुपयांप्रमाणे ३,१५० रुपये, तेवढ्याच लांबीच्या वायरचे ५२५, पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेन पाइपचे ४०० आणि भिंतीला भोक पाडण्याचे ५०० रुपये द्यावे लागले. हे सगळे मिळून ७,१९५ रुपये होतात. त्याखेरीज मीटरपेटीपासून खोलीपर्यंत स्वतंत्र लाइन ओढण्याचे वायरमनने ४,२०० रुपये घेतले. म्हणजे ३६,५०० रुपयांच्या एसीवर ११,३९५ रुपये वरचे लागले आणि एकूण खर्च ४७,८९५ रुपयांवर गेला. यांपैकी एकही बाब मला अनावश्यक वाटली नाही. मात्र यांतील बहुतेक बाबी आधी सांगण्यासारख्या होत्या आणि त्या सांगितल्या गेल्या नाहीत, हा माझा दुकानावरचा मुख्य आक्षेप आहे. जो विक्रेता रोज एसी विकतो, त्याला तीन मीटर पाइप क्वचितच पुरतो हे ठाऊक असते, आणि दरपत्रकाचा एक छापील कागद हातात देणे त्याला मुळीच अवघड नाही.

पाइपाची लांबी कशामुळे वाढली, हे सांगणे आवश्यक आहे, कारण ती आम्ही समजून वाढवली. आमची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि तिची बाहेरची भिंत पश्चिमेला आहे. आउटडोअर युनिट त्याच भिंतीवर बाहेरून टांगले असते तर तीन मीटरमध्ये काम भागले असते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत त्या भिंतीवर थेट ऊन असते, आणि खोलीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्राला तापलेल्या भिंतीशेजारी उभे करणे म्हणजे त्याचे काम अधिक कठीण करणे होय. त्याहून महत्त्वाचे कारण म्हणजे त्या भिंतीशी उभे राहायला जागाच नाही. आपल्या शहरातल्या कोणत्याही इमारतीकडे मान वर करून पाहिले तर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर खिडकीबाहेर लटकवलेली आउटडोअर युनिट्स दिसतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी विशी-पंचविशीतला एखादा मुलगा पट्टा न लावता छज्जावर उतरतो आणि आपण आतून पाना पुढे करतो. हे मला मान्य नाही. आम्ही युनिट उत्तरेकडच्या, कपडे वाळत घालायच्या गॅलरीत ठेवले. तिथे सावली आहे, पुढची बाजू मोकळी आहे आणि काम करणाऱ्या माणसाला दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभे राहता येते. त्यासाठी जास्तीचे साडेतीन-चार हजार गेले, आणि या सगळ्या व्यवहारातला सर्वांत योग्य खर्च मी त्यालाच म्हणेन. युनिट गॅलरीत ठेवताना एवढेच पाहावे लागते की, पंख्याचे तोंड मोकळ्या हवेकडे असावे. गॅलरी काचेने बंद केलेली असेल तर टाकलेली गरम हवा तिथेच फिरत राहते आणि वीज वाढते.

आता यंत्राच्या निवडीविषयी. आमची खोली बारा बाय चौदा, म्हणजे १६८ चौरस फुटांची आहे. मधल्या मजल्यावर असती तर एक टनावर काम भागण्याची शक्यता होती, पण वर गच्चीचा स्लॅब आणि पश्चिमेला भिंत असल्यामुळे दीड टन घेणे भाग होते. या बाबतीत खरेदीदाराने एक गोष्ट अवश्य तपासावी. दीड टन म्हणजे हिशेबाने सुमारे ५,२७५ वॉट शीतनक्षमता. परंतु दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांची लेबलवरची क्षमता ४,८०० ते ५,१०० वॉटच्या दरम्यान असते. दोन मॉडेलांच्या किमतीत दोन हजारांचा फरक दिसला तर आधी हा आकडा पाहावा, कारण कमी किमतीचे मॉडेल बहुधा कमी क्षमतेचेही असते. तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत तो फरक मे महिन्यात जाणवतो.

तीन स्टार की पाच स्टार, हा प्रश्न दुकानात सर्वांत आधी निघतो, आणि तिथे मिळणारे उत्तर जवळपास नेहमी पाच स्टारच्या बाजूचे असते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील, हे छापलेले असते आणि तो आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. आम्ही पाहिलेल्या तीन स्टारच्या यंत्रांवर हा आकडा हजाराच्या आसपास होता आणि पाच स्टारच्या यंत्रांवर साडेसातशेच्या आसपास. म्हणजे १,६०० तासांमागे सुमारे २५० युनिटांची बचत होते. मुंबईत किंवा नागपुरात हे तास भरतीलही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, इथली हवा उन्हाळ्यात कोरडी असते आणि फेब्रुवारीत तर रात्री अजून पांघरूण लागते. मार्चच्या अखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंतचे अडीच महिने, रोज रात्री आठ तास, असा आमचा वापर धरला तर तो सहाशे तासांच्या आत-बाहेर येतो. तेवढ्या तासांत पाच स्टारमुळे वाचणारी युनिटे नव्वदच्या आसपास होतात.

या नव्वद युनिटांची किंमत काढताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांपेक्षा १०१ ते ३०० युनिटांचा दर जवळपास दुप्पट असतो आणि ३०० च्या पुढे तो आणखी चढतो. पंखे, फ्रिज, दिवे आणि टीव्ही हे आधीपासून चालूच असतात. एसीची युनिटे त्यांच्यावर जाऊन बसतात, म्हणून त्यांना सरासरी दर लावून चालत नाही, आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लावावा लागतो. आमच्या बिलात तो चौदा-पंधरा रुपयांपर्यंत जातो. त्या दरानेही नव्वद युनिटांचे वर्षाला तेराशे रुपये होतात. दोन यंत्रांच्या किमतीतला फरक आठ हजारांचा होता. तो भरून निघायला सहा वर्षे लागली असती. म्हणून केवळ रात्री वापरल्या जाणाऱ्या खोलीसाठी, नाशिकपुरते, मी तीन स्टारचा इन्व्हर्टर एसी योग्य मानते. घरून काम करणाऱ्यांचे आणि दिवसभर एसी लागणाऱ्या आजारी किंवा वृद्ध माणसांच्या खोलीचे गणित वेगळे आहे; तिथे पाच स्टारचे पैसे तीन-चार उन्हाळ्यांत वसूल होऊ शकतात. स्टारचे निकष ठरावीक काळाने कडक केले जातात, हेही ध्यानात असू द्यावे. गोदामात राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच स्टार हे नव्या निकषांनुसार चारच भरू शकतात, म्हणून लेबलवरील कालावधी आणि वार्षिक युनिटे दोन्ही वाचावीत.

स्टारवर वाचवलेल्या पैशांतला काही भाग मी बसवण्याच्या कामावर खर्च केला, आणि इथे मला सविस्तर लिहायचे आहे.

कंपनीकडून आलेला तंत्रज्ञ अनुभवी वाटला. त्याने इनडोअर युनिटची पट्टी लेव्हल लावून ठोकली, भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडले आणि पाइपांची टोके नीट फ्लेअर केली, म्हणजे नटात घट्ट बसावीत म्हणून रुंदावली. पाइपाला जो सांधा द्यावा लागला तो मी भिंतीच्या आत जाऊ दिला नाही, गॅलरीत उघड्यावर ठेवायला लावला, आणि त्यानेही ते मानले. मात्र जोडणी झाल्यावर त्याने थेट आउटडोअर युनिटच्या झडपेला चावी लावली. पाइपांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप कुठे आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काकू, पंपाची गरज नाही पडत. गॅसनेच आतली हवा ढकलून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. सगळीकडं असंच करतात.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते, सगळीकडे खरोखरच असे करतात. मी त्याला शांतपणे सांगितले की पंप येईपर्यंत झडप उघडू नये, हवे तर काम उद्या पूर्ण करावे, आणि तसे कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवले. दुसऱ्या दिवशी तोच तंत्रज्ञ पंप घेऊन आला.

या आग्रहामागचे कारण सांगते. पाइप जोडल्यावर त्यात खोलीतली साधी हवा आणि तिच्यातली वाफ कोंडलेली असते. हवा द्रवरूप होत नाही, त्यामुळे ती आउटडोअरच्या कॉइलमध्ये जागा अडवून बसते, दाब वाढवते आणि कॉम्प्रेसरवर कायमचा ताण टाकते. वाफ तर अधिक वाईट. ती कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि आतल्या आत झीज सुरू होते. हे दोष पहिल्या वर्षी दिसत नाहीत. एसी थंड करतो, ग्राहक समाधानी असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात ‘गॅस कमी झाला’ किंवा ‘कॉम्प्रेसर गेला’ असे निदान होते. गॅसने हवा ढकलण्याच्या पद्धतीत मोजून भरलेला गॅसही काही प्रमाणात वाया जातो. आमच्या एसीतला आर-३२ हा वायू कमी प्रमाणात का होईना, ज्वलनशील आहे, आणि वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट मानली जाते. तो गॅलरीत सोडून देण्याची वस्तू नव्हे.

पंप लावल्यावर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याखाली गेला आणि पंप वीस मिनिटे चालू ठेवला गेला. नंतर गेजची चावी बंद करून पंप थांबवला आणि आम्ही दहा मिनिटे काट्याकडे पाहत राहिलो. काटा हलला नाही, म्हणजे कुठे गळती नव्हती. त्यानंतर झडपा उघडल्या, प्रत्येक नटावर साबणाचे पाणी लावले आणि बुडबुडा येत नाही याची खात्री केली. या सर्वाला पाऊण तास लागला. तंत्रज्ञाने जाताना सांगितले की, त्याला दिवसाला मिळणाऱ्या कामांची संख्या पाहता प्रत्येक घरी पाऊण तास देणे परवडत नाही, कारण पैसे कामामागे मिळतात, तासामागे नाहीत. मला त्याचे म्हणणे पटले. दोष त्याच्यापेक्षा त्या व्यवस्थेचा आहे, आणि म्हणून व्हॅक्यूमचे वेगळे तीन-चारशे रुपये कोणी मागितले तर ते आनंदाने द्यावेत, असे मी म्हणेन. आमच्याकडून ते घेतले गेले नाहीत.

विजेच्या कामाबद्दल थोडक्यात. दीड टनाच्या एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरची एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग असलेली स्वतंत्र लाइन घ्यावी. गिझरच्या लाइनीवरून जोड देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. स्टॅबिलायझर घेण्याविषयी दुकानात बराच आग्रह झाला. आमच्या यंत्राच्या माहितीपत्रकात ते १६० ते २७० व्होल्टपर्यंत चालते असे दिलेले आहे, वायरमनने मीटरने मोजलेला दाब वेगवेगळ्या वेळी २२५ ते २४० च्या दरम्यान होता, म्हणून आम्ही तो घेतला नाही. ज्यांच्याकडे संध्याकाळी दिवे मंद होतात त्यांनी अवश्य घ्यावा. घरात दुसरा-तिसरा एसी बसवणार असाल तर वीजबिलावरचा मंजूर भार तपासून महावितरणकडे तो वाढवून घेणे योग्य.

उन्हाळ्यातला अनुभव चांगला आहे. एसी २६ अंशांवर ठेवून छताचा पंखा एकच्या वेगावर लावला की वीस मिनिटांत खोली सुखद होते. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत साध्या तापमापकाने बारा अंशांचा फरक दिसला, तो समाधानकारक आहे. मीटरवरच्या नोंदींवरून मे महिन्यातल्या एका रात्रीचे सुमारे चार युनिट होतात. इनडोअर युनिटचा आवाज झोपेत अडथळा आणत नाही. स्लॅब मात्र मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तोवर कॉम्प्रेसर दमदारपणे चालू असतो. सोसायटीची परवानगी घेऊन एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही आमच्या खोलीवरच्या गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला, त्यानंतर यंत्र लवकर मंदावू लागले, हे आवाजावरूनही कळते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दोन टनाचा एसी घेण्याआधी हा उपाय करून पाहावा. ‘पाच प्रकारे बदलणारी क्षमता’ म्हणून ज्या सोयीची जाहिरात होते ती आम्ही क्वचितच वापरली. इन्व्हर्टर यंत्र गरजेप्रमाणे वेग आपोआप कमी करतेच. वाय-फायचेही तसेच.

इतर पर्यायांचाही विचार केला होता. विंडो एसी बसवायला स्वस्त पडतो, पण आमच्या सरकत्या खिडक्यांना तो बसत नव्हता आणि त्याचा आवाज जास्त असतो. एका आउटडोअरवर तीन खोल्या चालवणारी मल्टी-स्प्लिट यंत्रणा गॅलरीत जागा वाचवते, परंतु तीन सुट्या एसींपेक्षा महाग पडते आणि ते एक युनिट बंद पडले की तिन्ही खोल्या बंद पडतात, त्यामुळे ती सोडून दिली. दिवाणखान्यासाठी आम्ही कूलरच ठेवला आहे. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये खिडकीत लावलेला कूलर उत्तम काम करतो आणि त्याची वीज एसीच्या तुलनेत अगदी थोडी असते. वळवाचे ढग जमू लागले आणि हवेत ओल आली की मात्र तो निरुपयोगी होतो. ते दोन-तीन आठवडे आम्ही सगळे एसीच्या खोलीत झोपतो.

दुकानाबद्दल सांगायचे तर, किंमत योग्य मिळाली, माल वेळेवर आला, जीएसटीचे बिल आणि वॉरंटीची नोंदणी बिनचूक झाली. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी आहे. संपूर्ण यंत्राची मात्र एकच वर्षाची, आणि हा भेद विक्रेत्याने विचारल्यावर स्पष्ट केला, विचारण्यापूर्वी नाही. वरखर्चाबाबत मी तक्रार केली तेव्हा मालकांनी ऐकून घेतले आणि स्टँडचे पैसे परत देऊ केले. मी ते नाकारले आणि त्याऐवजी पाइप, वायर, स्टँड व भोक यांचे दर काउंटरवर लावण्याची विनंती केली. ते अद्याप लागलेले नाहीत. खरेदीसाठी मी तिथे पुन्हा जाईन, पण दर कागदावर लिहून घेतल्याशिवाय पैसे भरणार नाही. हिवाळ्यात खरेदी केल्याचा एक फायदा असा झाला की तंत्रज्ञाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावता आले. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पंपासाठी थांबण्याची भाषा केली असती तर आठवडाभर कोणी फिरकले नसते.

पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या भागांत सध्या सदनिका घेत असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. नव्या इमारतींमध्ये बिल्डर भिंतीतून तांब्याचे पाइप आधीच टाकून देतात आणि ती सोय म्हणून सांगितली जाते. ते पाइप प्लास्टरखाली जाण्याआधी नायट्रोजनचा दाब भरून तपासले आहेत का, दोन्ही टोके बंद केली आहेत का आणि ड्रेन पाइपाला पुरेसा उतार आहे का, हे ताबा घेण्यापूर्वी लेखी विचारावे, आणि भिंत उघडी असतानाच त्या मार्गाची छायाचित्रे काढून ठेवावीत. टोके उघडी राहिलेल्या पाइपात बांधकामाची धूळ आणि पावसाचे पाणी शिरते, आणि तो पाइप बदलायचा झाला तर टाइल्ससकट भिंत फोडावी लागते.